सगळ्या अमेरिकनांचं घर

अमेरिकेहून येणाऱ्या माणसाला आपला पणजोबा गरीब असलेला चालतो, बेघर असलेला चालत नाही. त्याला घर दाखवावंच लागतं. छप्पर नसलं तरी चालेल, चारऐवजी दोन भिंती असल्या तरी चालेल, पण वर थोडी वेल चढलेली हवी आणि समोर उभं राहून डोळे पुसायला जागा हवी. आयर्लंडमधल्या आमच्या मेयो परगण्यात अशी घरं पायलीला पन्नास मिळतात. लोक गेले, घरं राहिली.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्याच शाळेच्या जुन्या वर्गात वंशावळीचं टेबल मांडून बसते. मंगळवारी आणि गुरुवारी. चहा फुकट, बिस्किटं फुकट, आणि पूर्वज सापडले तर तेही फुकट.

सापडणं तसं सोपं नाही. जुन्या जनगणनेचे कागद काही सरकारने रद्दीत काढले, काही डब्लिनच्या आगीत जळाले. उरले ते कराचे. आमची नावं जपायची हौस कुणालाच नव्हती, कुणाकडून किती उकळायचं ते मात्र सगळ्यांनी जपलं. एक वही आहे ती दशांश कराची. ज्या चर्चची पायरी आमचे लोक कधी चढले नाहीत, त्या चर्चच्या पाद्र्यासाठी त्यांच्या बटाट्यांवर बसवलेला कर. दुसरी आहे दुष्काळानंतरची आकारणी. त्या वेळी सरकारी मोजणीदार वाडीवाडीतून फिरला, कुणाचं घर, कुणाची जमीन, किंमत काय, सगळं लिहीत गेला, आणि नकाशावर प्रत्येक घराला नंबर घालत गेला. माझा जीव आहे तो त्या आकारणीवर. ती खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. सत्तरीनंतर पेन्शन मिळणार असं सरकारने जाहीर केल्यावर पुढच्या जनगणनेत आमचं गाव दहा वर्षांत अठरा वर्षांनी म्हातारं झालं. त्यात आमची पणजीही आली, पण तो विषय घरात काढत नाहीत.

आता फेस्टस रुआनबद्दल सांगायला हवं. हा माझा शेजारी, साठी उलटलेला, लग्न न केलेला, गाईंशी गोड आणि माणसांशी तिरकस बोलणारा. टुलीरो वाडीत रस्त्याला लागून त्याचं शेत आहे आणि शेतात एक पडकं घर आहे. तिथे फाटक आहे, गाडी लावायला जागा आहे, बूट चिखलात जात नाहीत. वाट चुकलेला अमेरिकन त्याला भेटला, की फेस्टस टोपी काढून छातीशी धरतो, त्या घराकडे बघतो आणि हळू आवाजात म्हणतो, "हेच ते."

मग पाहुणा बर्क असो, गिबन्स असो नाहीतर मॅकहेल.

"अरे, लाज कशी वाटत नाही तुला?" मी एकदा त्याला गाठून विचारलं. "मी इथे डोळे फोडून नकाशे बघते आणि तू एकाच घरात सगळ्या मेयोला जन्माला घालतोस."

"अगं डिंपना, ती माणसं विमानातून एवढ्या लांब येतात," तो म्हणाला. "तू त्यांना म्हणतेस, नोंद सापडत नाही. मी त्यांना घर देतो. रडून जातात बिचारी. तुझ्याकडून कोण रडून गेलंय?"

"पण दुसऱ्याचं घर?"

"कुणाचं दुसऱ्याचं? ते लावेलांचं. लावेल संपले." आणि मग त्याने बापाकडून शिकलेला हिशेब सांगितला. बाकीच्या प्रत्येक पडक्या घराचं कुणी ना कुणी बॉस्टनला नाहीतर लिव्हरपूलला बसलेलं आहे, नाताळला कार्ड येतं. त्यांचं घर भलत्याला दाखवलं तर पुढच्या उन्हाळ्यात खरा मालक उगवेल आणि भांडण होईल. लावेल गेले त्या दिवसापासून त्यांचं पत्र नाही, डॉलर नाही. गावाने त्यांना केव्हाच बोटीवर तापाने मारून टाकलं होतं, कारण पत्र न लिहिणाऱ्याला आम्ही मेलेलाच धरतो. तेव्हा ज्याला कुणी वारस नाही ते घर सगळ्यांचं. या असल्या तर्कटावर आमचा देश चाललाय.

पैसे तो घेत नसे, हे खरं. उलट कुणी आठवण म्हणून दगड मागितला तर स्वतः उचलून गाडीत ठेवायचा. दरवाजाच्या वरचा लांब दगड एका कुटुंबाने नेला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथले वासे फिरत फिरत पार शिकागोला गेले.

लॉरेटा कोवाल्स्की आली ती सप्टेंबरातल्या एका गुरुवारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बुटकी, पायात चांगले मजबूत बूट. बिस्किटं नको म्हणाली. तिथेच मला कळलं की बाई कामासाठी आली आहे.

"मला वंशवेल वगैरे काढून नको," ती म्हणाली. "ती मी काढलीय. क्लीव्हलंडच्या वाचनालयात चार हिवाळे बसले. मला एक चूल हवीय."

"चूल?"

"माझी आजी बारा वर्षांची असताना इथून गेली. तिनेच मला वाढवलं, माझी आई लवकर गेली ना. आजी शेवटची आजारी पडली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मला म्हणाली, तू कधी गेलीस तर आमच्या चुलीच्या दगडावर हात ठेव आणि सांग, ऑनरने पाठवलंय. मी हो म्हटलं. मग लग्न झालं, मुलं झाली, कारखान्यात नोकरी, नवऱ्याचं आजारपण. आता वेळ मिळाला. हात ठेवते आणि परत जाते. बाकी काही नको मला."

बोलताना तिने पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ओळीने मांडले. दशांश कराची नक्कल, आकारणीची नक्कल, नंतरच्या वर्षांच्या दुरुस्त्या. त्या दुरुस्त्यांमध्ये जुनं नाव खोडून वर नवं नाव लिहायची पद्धत होती, दर खेपेला वेगळ्या रंगाची शाई. इथे लाल शाईने नाव खोडलं होतं आणि वर कुणाचंच लिहिलं नव्हतं. नुसतं 'पडीक'. खोडलेलं नाव होतं लावेल. वाडी टुलीरो. घराचा नंबर सात.

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"बरोबर आहे हो," मी म्हटलं. "इतकं बरोबर माझ्याकडे कुणीच आणलं नव्हतं."

"मग चेहरा असा का झालाय तुमचा?"

मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि फेस्टसला फोन लावला. तो उचलेना. गाईंबरोबर असला की तो देवाचाही फोन घेत नाही.

आम्ही माझ्या गाडीने निघालो. वाटेत मी तिला सांगायला हवं होतं, पण माझी जीभ रेटेना. ती खिडकीतून बाहेर बघत एकेका टेकडीचं नाव घेत होती. आजीने शिकवलेली नावं, सगळी बरोबर. क्लीव्हलंडच्या स्वयंपाकघरात बसून या पोरीने आमची वाडी पाठ केली होती.

आणि फेस्टस नेमका फाटकावर उभा. गाडीतून अनोळखी म्हातारी उतरताना दिसली आणि गड्याची टोपी आपोआप छातीशी गेली. मी मागून हातवारे केले, पण त्याला कशाचं भान?

"या बाई, या," तो म्हणाला. "आडनाव काय म्हणालात?"

"कोवाल्स्की."

फेस्टस क्षणभर थबकला. पण मुरलेला गडी तो. "कोवाल्स्की," त्याने हळूच मान हलवली. "फार जुनं घराणं. माझे आजोबा नेहमी नाव काढायचे. बघा, हेच ते."

"कोवाल्स्की माझा नवरा," लॉरेटा म्हणाली. "पोलंडचा. तुमचे आजोबा पोलंडला होते का?"

मी कपाळावर हात मारला. फेस्टसने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फेस्टस, या लॉरेटाबाई. ऑनर लावेलची नात."

टोपी छातीवरून खाली आली. त्याच्या तोंडाचा रंग उतरत गेला, तो गालांवरून मानेपर्यंत.

"लावेल तर," तो म्हणाला, "वारले ना?"

"आजीचे आईबाप पहिल्याच हिवाळ्यात गेले. तिला लिहिता येत नव्हतं. कोण पत्र पाठवणार?" असं म्हणत लॉरेटा फाटकातून आत शिरलीसुद्धा.

घराच्या भिंती आता गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या. मी बऱ्याच दिवसांत तिथे गेले नव्हते, मलाही धक्का बसला. आत खाजकुइलीसारखी बोचरी रानभाजी कमरेपर्यंत वाढलेली. आमच्याकडे जिथे माणूस राहिला तिथेच ती उगवते. लॉरेटाने काठीने ती बाजूला सारली, दाराची जागा शोधली, तिथे उभी राहिली आणि उजवीकडे वळली. जणू कालच बाहेर गेली होती. पश्चिमेच्या भिंतीपाशी जाऊन ती वाकली.

तिथे एक चौकोनी खड्डा होता. त्यात पाणी साचलं होतं.

"दगड कुठाय?" तिने विचारलं.

उत्तर फेस्टसने दिलं, आणि त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची तर ही, की त्याने एक शब्द खोटा सांगितला नाही. "शिकागोचा एक दातांचा डॉक्टर घेऊन गेला. गेल्या वर्षी. मीच ट्रॅक्टरने उपटून दिला. तो म्हणाला, माझ्या पणजोबांच्या चुलीचा दगड, दिवाणखान्यात बसवतो."

"त्याचे पणजोबा इथले होते?"

"नाही."

"मग कुठले?"

"काय माहीत, बाई. आडनाव क्विन होतं."

"आणि या भिंती?"

"कुणी एक दगड नेला, कुणी दोन. मी सगळ्यांना हेच घर दाखवायचो. वाटलं, तुमचं कुणी उरलं नाही."

लॉरेटा सरळ उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी त्रेसष्ट वर्षं हा शब्द वागवतेय," ती म्हणाली. "नवऱ्याला पुरलं त्या दिवशीसुद्धा माझ्या मनात आलं, आता जाता येईल. मला स्वतःची लाज वाटली होती. आणि तुम्ही तो दगड दाताच्या डॉक्टरला देऊन टाकलात. का, तर गाडी लावायला जागा बरी होती म्हणून."

"हो," फेस्टस म्हणाला.

मला त्याचा इतका राग आला होता आणि त्याच वेळी त्याची इतकी कीव आली होती, की मी तिसरीकडेच बघत राहिले. दूर त्याच्या गाई उभ्या होत्या. त्यांनाही काही सुचत नसावं.

लॉरेटा उरलेल्या भिंतीवर बसली. मी माझा कोट तिच्या खाली सरकवला, तिने तो घेतला. मग ती माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दगडाचं एकदाच सांगितलं होतं आजीने. विस्तवाचं मात्र सारखं सांगायची."

"कसला विस्तव?"

"निघायच्या सकाळी त्यांनी चूल विझवली नाही. तिच्या आईने निखारे लोखंडी भांड्यात भरले आणि ऑनरच्या हातात दिले, शेजारणीकडे नेऊन दे म्हणून. तुमच्याकडे तशीच रीत होती म्हणे."

"होती," मी म्हटलं. "घर सोडताना विस्तव विझवायचा नाही. शेजारच्या चुलीत नेऊन ठेवायचा, परत आलो की न्यायला. माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय."

"भांड्याची कडी तापलेली. तिचा तळवा भाजला, पण तिने भांडं खाली ठेवलं नाही. म्हातारपणीसुद्धा तो डाग होता, मला दाखवायची. शेजारणीने निखारे आपल्या चुलीत ओतले आणि म्हणाली, हा तुमचा आहे, तुम्ही येईपर्यंत सांभाळते."

"कोण शेजारीण?"

"नाव नाही सांगितलं. नुसतं म्हणायची, उताराखालची."

आकारणीची नक्कल माझ्या हातातच होती. सातच्या खाली आठ. नकाशावर बघितलं, आठ नंबरचं घर बरोबर उताराखाली. नाव वाचायचीही गरज नव्हती, त्या घरात मी आयुष्यभर ये-जा केली आहे. मी मान वर केली तर फेस्टस माझ्याकडे बघत नव्हता. तो त्या खड्ड्यातल्या पाण्याकडे बघत होता आणि त्याच्या हातात टोपीचा बोळा झाला होता.

"बाई," तो म्हणाला, "माझ्या घरी चला."

"चहा नको मला."

"चहासाठी नाही. चला."

त्याच्या आवाजात असं काही होतं की ती उठली. आम्ही तिघं शेतातून उतरून गेलो. तो पुढे, आणि दर दहा पावलांवर थांबून मागे बघायचा, म्हातारी येतेय ना म्हणून.

फेस्टसचं स्वयंपाकघर म्हणजे गावातला चेष्टेचा विषय. सरकार घरं गरम ठेवायच्या नव्या यंत्राला अनुदान देतंय, सगळ्या वाडीने घेतलं, फेस्टसने नाही. अजून त्याच्याकडे भिंतीतली उघडी चूल आहे. दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या ढेपा तो त्यात जाळतो, झोपण्याआधी निखारे राखेखाली झाकतो आणि सकाळी फुंकून पुन्हा पेटवतो. उन्हाळ्यातसुद्धा. चुलीपायी हा माणूस लीड्सला बहिणीकडे एक रात्र राहिला नाही. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझा नवरा रोज जाऊन राख सारायचा आणि रोज शिव्या घालायचा. का रे बाबा, असं विचारलं की फेस्टस म्हणायचा, आईला शब्द दिलाय. यापलीकडे आम्ही कधी विचारलं नाही. बिनलग्नाच्या माणसाला एखादं खूळ असायचंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

दारातून आत गेल्यावर तो बाजूला झाला. चूल मंद पेटलेली होती.

"आई जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, विस्तव विझू देऊ नकोस," तो म्हणाला. "मी म्हटलं, का? म्हणाली, तो आपला नाही. कुणाचा, विचारलं तर म्हणाली, सासूबाईंना माहीत होतं, माझं विचारायचं राहून गेलं. एवढंच. आपला नाही म्हटल्यावर विझवणार कसा? म्हणून ठेवला." मग थोडा थांबून म्हणाला, "घराचं मी वाटोळं केलं, बाई. हा मात्र विझलेला नाही. आईच्या हातून नाही, माझ्याही नाही. त्याआधीचं मला सांगता येणार नाही."

लॉरेटाने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली. मी रडत होते, ते लपवण्यात आता काय अर्थ आहे? इतकी वर्षं लोकांना मी कागदांवरून घरं दाखवली आणि जे अजून जिवंत होतं त्यावर माझा नवरा शिव्या घालत राख सारत होता.

ती चुलीसमोर गेली. गुडघे टेकायला तिला वेळ लागला, मी हात द्यायला पुढे झाले तर तिने नको म्हटलं. तळवा तिने विस्तवासमोर धरला, अगदी जवळ. ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ते काय होतं ते मला माहीत होतं.

आता एक सांगते. आमच्याकडे कुणाच्या चुलीला परक्याने हात लावायचा नसतो. सात वर्षांची ओळख असल्याशिवाय चिमटा उचलू नये म्हणतात. फेस्टसच्या चुलीला तर मीही कधी हात लावलेला नाही, आणि माझ्या नवऱ्याने लावला तो फेस्टस इस्पितळात होता म्हणून.

लॉरेटाने न विचारता चिमटा उचलला. राख दोन्हीकडे सारली, लाल निखारे मधे ओढले, टोपलीतून ढेपा घेतल्या आणि उभ्या करून एकमेकींना टेकवल्या. क्लीव्हलंडमध्ये गॅसच्या शेगडीवर आयुष्य काढलेल्या बाईला हे कुणी शिकवलं असेल ते वेगळं सांगायला नको. तिने वाकून फुंकर मारली. ज्योत वर आली.

चुलीशेजारी फेस्टसची खुर्ची असते. तिच्यावर आम्ही कुणी बसत नाही. त्याने ती उचलली आणि चुलीपासून लांब, दाराजवळ, पाहुणे बसतात तिथे नेऊन ठेवली.

"आता घेऊन जायचा असेल तर," तो अडखळत म्हणाला, "म्हणजे तुमचाच आहे."

"विमानात कोण नेऊ देईल?" लॉरेटा म्हणाली. "राहू दे तुझ्याकडे अजून." एवढ्यात ती त्याला अरे-तुरे करायला लागली होती आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने आकड्याला टांगलेली किटली हलवून पाणी आहे का बघितलं आणि चुलीवर सरकवली.

"बस," ती त्याला म्हणाली. "चहा टाकते. दूध कुठे ठेवतोस?"

"खिडकीत," फेस्टस म्हणाला, आणि दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसला.